रुसलेल्यांची पहिली पंगत

लग्नात वरपक्ष रुसतो, यात नवे काही नाही. टिळा लावताना कुणाचा मागचा-पुढचा क्रम चुकतो, कुणाच्या मामाला सतरंजीवर बसवून दुसऱ्याच्या मामाला खुर्ची दिली जाते, आणि मग मुलीचा बाप हात जोडून या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतो. साहेबरावांनी तीन मुलींची लग्ने लावली होती आणि तिन्ही वेळा ते असे फिरले होते. पण ती लग्ने उरकली तरी. भोकरदन तालुक्यातल्या अकरा गावांचा पाणीसभा संघ त्यांनी अठरा वर्षे चालवला, आणि त्या अकरांपैकी दहा गावे अठराही वर्षे वरपक्षच राहिली. मुलीचा बाप एकटा अध्यक्ष. आणि मुलगी काही केल्या सासरी जात नव्हती.

आज त्यांचा निरोपाचा सत्कार होता. टेकडगावच्या मारुतीपुढे मांडव घातला होता. व्यासपीठावरच्या सोफ्यात साहेबराव भगव्या फेट्याखाली घामाने भिजत बसले होते आणि समोरच्या फलकावर त्यांचेच छायाचित्र त्यांच्याकडे पाहून हसत होते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते : ‘एकमताचे शिल्पकार’. छायाचित्र पंधरा वर्षांपूर्वीचे होते. तेव्हा त्यांना हसू येत असे.

संघाची मांडणी साधी होती. प्रत्येक गावाची एक पाणीसभा, आणि अकरा सभांचा मिळून संघ. खोऱ्याच्या माथ्यावर, टेकडगावच्या शिवारात, तलाव. तलावातून निघालेली जलवाहिनी उताराने एकेका गावाला पाणी देत शेवटी उंबरवाडीला पोचे. नियम तीनच होते. कुणी खोल बोर पाडायचा नाही. तलावाचे पाणी पाळीने घ्यायचे. आणि कोणताही निर्णय मतदानाने नाही, एकमताने करायचा. तिसरा नियम साहेबरावांनी स्वतः आणला होता. तरुणपणी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकून ते गावी परतले होते, आणि मतदानाने माणसे हरतात, हरलेली माणसे वैरी होतात, असे त्यांचे तेव्हापासूनचे ठाम मत होते. माणसे जिंकूनही वैरी होऊ शकतात, हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते.

पहिल्याच वर्षी टेकडगावचे राधेश्यामराव रुसले. चाळीस एकर मोसंबीचे धनी, तलाव त्यांच्या शिवारात, आणि संघाच्या पत्रिकेत त्यांचे नाव चौथे छापलेले. सभेच्या दिवशी ते जांब समर्थला दर्शनाला निघून गेले आणि एकमत अडले. साहेबरावांनी तीन लग्नांत कमावलेली विद्या वापरली. ते स्वतः जांबला गेले, राधेश्यामरावांना हाताला धरून परत आणले, पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर बसवले आणि आपल्या हाताने त्यांच्या ताटात बुंदी वाढली. राधेश्यामरावांनी पहिला घास घेतला, तेव्हाच बाकीच्यांनी ताटाला हात लावला. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या दिवशी साहेबरावांना वाटले, सापडली गुरुकिल्ली.

सापडली होती, पण ती इतरांनाही. ‘जो नाराज, त्याची पहिली पंगत’ हा संघाचा अलिखित कायदा होऊन बसला, आणि मग खोऱ्यात रुसण्याचे शास्त्रच वाढले. कोळेगावची मंडळी चहा घेत, पण जेवत नसत. हिवरीचे प्रमुख पायांतली चप्पल न काढता सभेच्या कडेला उभे राहत. म्हणजे निघायच्या तयारीत आहोत, कुणी थांबवते का बघू. एका गावाने तर पाण्याच्या सभेत पाणी पिणे सोडले आणि वर्षभर स्वतःच्या बाटल्या आणल्या. राधेश्यामराव या सर्वांचे गुरू. ते जीपमध्ये बसून काचा वर करत. काच किती खाली आली यावर ठरावाचे भवितव्य समजे.

बाहेरून पाहुणे येत. पुण्याचे, मुंबईचे, एकदा थेट परदेशातले. सगळे एकाच ओळीत बसून जेवणारी अकरा गावे पाहून त्यांचे डोळे पाणावत. एका विद्यार्थ्याने ‘सहमतीचे प्रारूप’ या विषयावर प्रबंध लिहून पदवी मिळवली. साहेबरावांनी तो चाळला होता. त्यात आलेख होते, आकृत्या होत्या, बाणांनी जोडलेले चौकोन होते. काच वर करून बसलेली जीप कुठेही नव्हती.

अकरावे गाव उंबरवाडी. वाहिनीच्या शेपटाला. बरीचशी घरे बौद्ध, थोडी धनगरांची. जमीन हलकी, विहिरी उथळ. उंबरवाडी कधी रुसली नाही. कोणताही ठराव मांडला की पहिला होकार तिचा. म्हणून तिची पंगत कायम शेवटची, आणि पाणीही. उन्हाळ्यात वरची दहा गावे पाळी घेऊन होईपर्यंत वाहिनीत वाराच उरे. मागचे तीन उन्हाळे उंबरवाडी एकच मागणे मागत होती : मेमधली पाळी शेपटाकडून सुरू करा, आधी खाली, मग वर. तिन्ही वेळा ते एकमताने मंजूर झाले. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. आणि तिन्ही वेळा पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वाटेतले कुणीतरी रुसले, त्याची समजूत काढण्यात आठवडा गेला, तेवढ्यात पाणी नेहमीच्या वाटेने वरच्यांच्या घशाखाली उतरले. संघात ‘नाही’ कुणी म्हणत नसे. ‘नाही’ म्हणण्याची गरजच उरलेली नव्हती.

भाषणे सुरू व्हायला अवकाश होता. साहेबराव फेटा सावरत मांडवामागे गेले, जिथे वरणाची पातेली उतरवली जात होती. तिथे त्यांना कांताबाई भेटल्या. उंबरवाडीच्या पाणीसभेच्या प्रमुख. पन्नाशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला. त्यांचा मुलगा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता आणि त्याच्याकडे राहायला या म्हणून मागे लागला होता. त्या गेल्या नव्हत्या. साहेबरावांनी विचारपूस केली, त्यांनी सरळ उत्तरे दिली, आणि मग ज्या सुरात पोळ्या पुरतील का ते विचारावे त्याच सुरात त्यांनी सांगितले,

“अप्पा, आमी बोरची गाडी सांगितली. हसनाबादच्या रोडला धाब्यावर उभी हाय. दिस मावळायच्या आत गावात येती. तुमाला आधी कळावं म्हणून आल्ते. भांडाय न्हाई आले. जेवून जाते.”

अठरा वर्षांत सर्वांचे मानपान सांभाळता सांभाळता त्यांनी एकच गोष्ट खरोखर राखली होती : खोऱ्यात खोल बोर पडला नव्हता. आजूबाजूच्या गावांत जमिनीची चाळण झाली होती आणि तिथल्या बायका टँकरमागे धावत होत्या. इथे विहिरींना तळाला का होईना, पाणी होते. एक बोर पडला की करार संपला. उद्या राधेश्यामराव मोसंबीत चार पाडतील, परवा कोळेगाव दहा पाडेल. दोन उन्हाळ्यांत खोरे कोरडेठाक होईल. त्यांनी हे सर्व कांताबाईंना सांगितले. नीट, क्रमाने, शिकलेल्या माणसाने सांगावे तसे.

“होईल की कोरडं,” त्या म्हणाल्या. “आमचं तं आत्ताच हाय. आता समदे बराबरीत येतेल.”

“कांताबाई, थोडं समजून...”

“तेवढं म्हणू नका, अप्पा. ‘समजून घ्या’ म्हणलं की आता माझ्या पोटात कळ निघती. अठरा वर्सं आमीच समजून घेऊन राह्यलो. बाकीच्यांची समज काय गहाण पडली का?”

आचाऱ्याचा माणूस पळीने वरण ढवळता ढवळता थांबला होता. त्याने पुन्हा ढवळायला सुरुवात केली. साहेबरावांना वाटले, कोणत्याही पाहुण्याने आजवर विचारला नाही असा एक प्रश्न या बाईला विचारावा. त्यांनी विचारले, उंबरवाडी कधी रुसली का नाही?

कांताबाई हसल्या. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता. मोठ्या माणसाने पोरकट प्रश्न विचारल्यावर येते तसे ते हसू होते.

“रुसायला मागं कुणी मनवणारं लागतंय. राधेश्यामराव रुसले तं तुमी जीपपाशी जाऊन उभे ऱ्हाता. आमी रुसलो असतो तं तुमी म्हणले असते, चला, एक गाव कमी झालं.”

“मी असं म्हटलं नसतं.”

“मोठ्यानं न्हाई म्हणले असते,” त्या म्हणाल्या आणि पदराने कपाळ पुसून शेवटच्या पंगतीची जागा पाहायला निघून गेल्या.

भाषणे सुरू झाली. संघाचा सचिव अंगद सूत्रसंचालन करत होता. तो कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असे आणि ध्वनिक्षेपक हाती आला की त्याचा आवाज दोन बोटे खाली उतरत असे. गेल्या अठरा वर्षांत एकाही ठरावावर मतदान झाले नाही, हे वाक्य त्याने तीनदा उच्चारले आणि तिन्ही वेळा टाळ्यांसाठी थांबला. मग हिवरीवाले बोलले, कोळेगाववाले बोलले. जिवंतपणी ज्याला प्रत्येकाने एकेकदा रडवले त्याच्याबद्दल बोलताना माणसांचा कंठ किती सहज दाटतो, हे साहेबराव पाहत राहिले. एकाने त्यांना खोऱ्याचा बाप म्हटले. बरोबरच आहे, त्यांनी मनात म्हटले, मुलीचा.

शेवटी नवे अध्यक्ष म्हणून राधेश्यामरावांचे नाव पुकारले गेले. तेही एकमतानेच. तलाव त्यांच्या शिवारात, जलवाहिनीच्या मुख्य वालची चावी त्यांच्या कपाटात. आता खुर्चीही त्यांच्याखाली. राधेश्यामराव शाल उलगडून पुढे आले. अंगदने साहेबरावांना उठण्याची खूण केली.

साहेबराव उठले नाहीत. पुढे त्यांना कितीदा विचारले गेले की हे आधी ठरवले होते का. ठरवले नव्हते. समोर शाल होती, मांडवात शेवटच्या रांगेत कांताबाई होत्या आणि रस्त्यावर कुठेतरी गाडी उभी होती. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले,

“मी रुसलोय.”

मांडव हसला. अंगदने अप्पांच्या विनोदबुद्धीचा गौरव केला. साहेबरावांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि समोरच्या टेबलावर ठेवला. तेव्हा हसू थांबले. या खोऱ्यात ती भाषा कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

आणि मग जे यंत्र त्यांनीच घडवले होते ते त्यांच्यासाठी फिरू लागले. कुणी पंखा त्यांच्याकडे वळवला. कुणी पाण्याचा पेला आणला, कुणी तो परत नेऊन थंड आणला. तलावाला अप्पांचे नाव देऊ, असे एकाने सुचवले. दुसऱ्याने अर्धपुतळा म्हटले. तिसऱ्याने, अर्धा कशाला, पुराच बसवू. हिवरीच्या प्रमुखांनी चक्क पायांतली चप्पल काढली. राधेश्यामराव शाल हातात धरून वाकले आणि गहिवरून म्हणाले,

“अप्पा, काहून रुसले? आमचं काही चुकलंमाकलं असंल तं पदरात घ्या. तुमी म्हणाल ते मान्य.”

साहेबरावांना एक क्षण बरे वाटले. ते खोटे कशाला सांगा? अठरा वर्षे दुसऱ्यांना वाढलेले आज स्वतःच्या ताटात पडत होते, आणि त्याची चव गोड होती. राधेश्यामराव जीपमध्ये बसून इतकी वर्षे काय चाखत होते, ते त्यांना कळले. दुसऱ्याच क्षणी त्यांना किळस आली. त्यांनी मागणे सांगितले : या मेमधली पाळी उंबरवाडीपासून. आजपासून.

“मंजूर!” अकरा गावे एका आवाजात म्हणाली. टाळ्या पडल्या. अंगदने ठराव लिहायला घेतला.

हा आवाज साहेबरावांच्या ओळखीचा होता. तीन उन्हाळे त्यांनी तो ऐकला होता. ते व्यासपीठावरून उतरले, पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर जाऊन बसले, आणि त्यांनी ताट वाढून होऊ दिले. वांग्याची भाजी आली, पोळ्या आल्या, वरण-भात आला, बुंदी आली. मांडवभर माणसे ताटांपुढे बसली. मग ते म्हणाले, वाल उघडून उंबरवाडीच्या टाकीत पाणी पडल्याची खबर येईपर्यंत आपण घास घेणार नाही.

रुसलेल्याने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही, हा कायदा होताच. साडेतीनशे माणसे वाफाळत्या वरणाकडे पाहत स्तब्ध बसली. उपास आणि एकमत यांचा एवढा सुंदर संगम प्रबंधवाल्याला पाहायला मिळाला नाही, याची साहेबरावांना हळहळ वाटली.

राधेश्यामरावांचा चेहरा हळूहळू बदलला. आधी त्यांनी चावी घरी राहिल्याचे सांगितले. घर समोरच होते. मग ते म्हणाले, मोसंबीला आज पाणी लावायचे आहे, फळ गळायला लागले आहे, एवढी दोन दिवसांची पाळी होऊ द्या. साहेबराव ताटाकडे पाहत राहिले. तेव्हा राधेश्यामराव उठले. आजवर आपल्याकडून कुणी असे हिसकावून घेतले नाही, आणि तेही अध्यक्षपदाच्या पहिल्याच दिवशी, भरल्या मांडवात, एवढे बोलून ते ताडताड बाहेर गेले. जीपचे दार वाजले. काचा वर गेल्या.

असे कधी घडले नव्हते. एका वेळी एक रुसावा आणि बाकीच्यांनी त्याला मनवावे, एवढीच या संघाची घटना होती. दोघे एकदम रुसले तर काय, याचे कलम कुणीच लिहिलेले नव्हते. अंगद अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखा इकडेतिकडे पाहू लागला. मग कोळेगावचे एक म्हातारे तंबाखू थुंकायला म्हणून उठले आणि थुंकून झाल्यावर जीपकडे वळले. त्यांच्यामागे दोघे गेले. मग हिवरी गेली. मग कुणी निमित्त शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. वरणावर साय धरेपर्यंत पहिली पंगत रिकामी झाली होती आणि जीपभोवती लग्नघरासारखी गर्दी जमली होती.

साहेबरावांना दुःख झाले नाही. माणसे जिकडे ‘उद्या’ आहे तिकडे जातात. ‘काल’ पाटावर बसला आहे म्हणून त्याच्यापाशी कोण थांबणार? फक्त, आपणच उकळलेला काढा वैद्याच्या घशाखाली उतरत नाही, एवढे त्यांच्या लक्षात आले.

मागून कांताबाई आल्या. त्यांनी रिकाम्या पंगतीकडे पाहिले, जीपकडे पाहिले.

“चला, अप्पा,” त्या म्हणाल्या. “तुमचं रुसणं बी आमच्यासारखंच निघालं. मनवायला कुणी थांबलं न्हाई.”

उंबरवाडीचा तीनचाकी टेम्पो मांडवाबाहेर उभा होता. साहेबराव चालकाशेजारी बसले, कांताबाई गावच्या चार बायकांबरोबर मागे. टेम्पो सुरू झाला तसा अंगद धावत आला आणि अप्पा कुठे निघाले, म्हणून विचारू लागला.

“बोर पाडायला,” साहेबराव म्हणाले.

अंगद जागीच उभा राहिला. टेम्पो वळणावर गेला तेव्हा तो जीपच्या दिशेने पळताना दिसला.

ते पोचले तेव्हा गाडी आलेली होती. विहाराच्या मागे, चुन्याने फुली मारलेल्या जागी, तो उंच सांगाडा आडवा निजलेला होता. तमिळनाडूकडची पोरे लुंग्या गुडघ्यावर बांधून नळ्या उतरवत होती. साहेबरावांनी आयुष्यात अशा कितीतरी गाड्या खोऱ्याच्या वेशीवरून माघारी लावल्या होत्या. हात जोडून, धमकावून, एकदा चाकापुढे आडवे झोपून. गाडीच्या मिस्त्रीने त्यांचे पांढरे कपडे पाहिले, हाच मालक असा अंदाज बांधला आणि विचारले,

“साब, चालू करें?”

सारे गाव त्यांच्याकडे पाहत होते. ‘नको’ हा शब्द त्यांच्या जिभेवर सवयीने आला. अठरा वर्षे जपलेली एकुलती एक गोष्ट त्या एका शब्दावर टांगलेली होती. आणि हा शब्द त्यांनी राधेश्यामरावांना आजवर एकदाही ऐकवला नव्हता, हेही त्यांना त्याच वेळी जाणवले. त्यांनी कांताबाईंकडे बोट केले.

“मालकीण ये हैं. इनको पूछो.”

कांताबाईंनी आधी सांगाडा तेवढा उभा करायची खूण केली. मिस्त्रीने खटका ओढला आणि सांगाडा करकरत उभा राहू लागला. तेवढ्यात साहेबरावांचा फोन वाजला. राधेश्यामराव होते. आवाजात गहिवर नव्हता, रुसवा नव्हता, घाई होती. खाली बोर पडला तर वर कोण थांबणार, शेजारच्या भावकीने आत्ताच गाडीवाल्याचा नंबर मागितला, मोसंबीच्या विहिरीला पाझर तरी राहील का, असे ते एका दमात बोलले आणि मग म्हणाले, वाल उघडला आहे, स्वतः उघडला आहे. वाटेतल्या नऊही गावांनी आपापले वाल बंद केले आहेत. त्या बाईला जल्दी सांगा, गाडी परत पाठव.

साहेबरावांनी जसेच्या तसे सांगितले.

“पानी येऊ द्या,” कांताबाई म्हणाल्या. “मंग बघू.” आणि त्यांनी मिस्त्रीच्या पोरांना चहा पाठवला.

सगळे टाकीपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ नळ कोरडाच होता. मग त्याने उसासा टाकावा तशी हवा सोडली, मग गंजाचे तांबडे पाणी थुंकले, आणि मग तो भरून वाहू लागला. कुणी नाचले नाही. बायकांनी आणलेल्या घागरी शांतपणे रांगेला लावल्या. धनगराच्या एका म्हाताऱ्याने ओंजळ धरली, तोंडावर पाणी मारले आणि तो बाजूला झाला. हे पाणी तीन वर्षांपूर्वीच मंजूर झालेले होते.

दिवस कलताना राधेश्यामरावांची जीप आली. बरोबर अंगद आणि हिवरीचे प्रमुख. वाहिनी टाकली त्या वर्षानंतर राधेश्यामराव या गावात आलेले नव्हते. उतरल्यावर कुठे उभे राहावे ते त्यांना समजेना. वाहत्या नळाकडे पाहून मात्र त्यांचा चेहरा उजळला. झाले ना मनासारखे, असे ते म्हणाले. अंगदनेही, अखेर सर्व काही एकमताने घडले, अशी भर घातली.

साहेबरावांनाही क्षणभर तसेच वाटले. जुनी खोड. “बघा कांताबाई,” ते म्हणाले, “ऐकलं त्यांनी.”

“ऐकलं न्हाई, अप्पा. भ्याले.”

नाकारण्यासारखे त्यात काही नव्हते. कांताबाई मिस्त्रीकडे गेल्या आणि सांगाडा आडवा करायला त्यांनी सांगितले. राधेश्यामरावांनी सुस्कारा सोडला. पण त्या पुढे म्हणाल्या, गाडी जायची नाही. लिंबाखाली उभी राहील. पाळी पुरी होईस्तोवर पोरे गावातच जेवतील. मिस्त्रीला पुढचे काम लगेच नव्हते. त्याने मान हलवली.

“हे न्हाई चालणार,” राधेश्यामराव म्हणाले. “खोऱ्यात गाडी उभी करायची न्हाई, हा करार हाय. अप्पा, तुमी शाल घेतली न्हाई, म्हणजे अजून अध्यक्ष तुमीच. सांगा तिला.”

साहेबरावांनी गाडीकडे पाहिले. तिचे लोखंड उन्हाने तापले होते आणि तिच्या सावलीत गावची कुत्री झोपली होती. तिने अजून जमिनीला भोकही पाडले नव्हते, आणि अठरा वर्षांच्या ठरावांनी जे केले नाही ते तिने नुसते उभे राहून केले होते.

“गाडी राहील,” ते म्हणाले. “दर मेमध्ये राहील.”

“मंग हे सभेत ठेवावं लागंल. एकमत लागंल.”

“एकमत होणार नाही, राधेश्यामराव. माझं मत गाडी राहावी, तुमचं राहू नये. अंगद, लिहून घे. मतं पडली म्हणून लिही. कुणाची किती, ते पुढच्या सभेत मोजा.”

अंगदने खिशातून पेन काढले आणि मग, कशावर लिहावे ते न समजून, तसेच हातात धरले. राधेश्यामराव काही वेळ साहेबरावांकडे, काही वेळ कांताबाईंकडे पाहत राहिले. कुणीतरी आपला दंड धरेल, अशी त्यांच्या उभे राहण्याची धाटणी होती. कांताबाई घागरी पुढे सरकवत होत्या. साहेबरावांचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि त्यांनी ते तिथेच राहू दिले. अखेर हिवरीच्या प्रमुखांनी घड्याळ पाहिले, आणि तिघे निघून गेले.

जीपची धूळ बसली तेव्हा साहेबरावांना भुकेची आठवण झाली. कांताबाईंनी त्यांना भाकरी आणि वांग्याचे भरीत दिले. ते टाकीच्या कट्ट्यावर बसून जेवले. मग हात धुताना त्यांना वाटले, या बाईने आता दोन शब्द बरे बोलावेत. तसे त्या बोलल्या नाहीत. हिवरीचा वाल या वेळी बंद दिसतो, पण तिथले लोक संध्याकाळी गुपचूप अर्धा पिळून घेतात, हे गावाला ठाऊक होते. तिथे कुणीतरी बसायला हवे होते.

“तुमी आता अध्यक्ष न्हाई,” कांताबाई म्हणाल्या, “तं मंग कामाचे हायेत. जाता का? तुमाला बघून ते हात लावायचे न्हाईत.”

“आणि रुसले तर?”

“रुसू द्या की. तुमी फकस्त वालवरून उठू नका.”

साहेबरावांनी धोतराला हात पुसले, टेम्पोवाल्याला हाक मारली आणि ते हिवरीकडे निघाले.